दारात टाकलेलं गवत

पहिला दांडका मी सोपान माळवद्याच्या पाठीत घातला, तेव्हा तो ओरडला नाही. म्हणाला, "हैबती, आजच्यातला चार हात पट्टा राहिलाय. तेवढा कापू दे, मग मार."

असं ऐकलं की माणसाचं डोकं फिरतं. चोरानं पळावं, पाया पडावं, निदान खोटं तरी बोलावं. हा गडी उकिडवा बसलेला, त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि परत विळा गवताला लावला. नुकतं उजाडलं होतं. गवत कमरेएवढं, तुऱ्यावर आलेलं, आणि त्यानं मुठीत धरून झटका दिला की पिवळं पीठ उडायचं. त्यानं तोंडाला बायकोच्या साडीचा तुकडा बांधला होता.

मी दुसरा दांडका घातला, खांद्यावर.

"विळा टाक."

"टाकतो. एवढं हू दे."

"सोपाना, विळा टाक म्हणतोय मी."

तो टाकेना. मग मी मनगटावर घातला. आवाज झाला आणि विळा आपोआप पडला. त्याचा हात बघवत नव्हता, तळवा भलतीकडंच वळलेला. तो हात पोटाशी धरून खाली बसला. साडीचा तुकडा ओढून काढला आणि म्हणाला, "माझा शिवायचा हात हाय रं ह्यो."

सोपान शिंपी होता. आमच्या वाडीत एकटाच. माझ्या लग्नातला सदरा त्यानंच शिवलेला.

मी तेव्हा जोगाईच्या कुरणाचा राखणदार होतो. बाप राखणदार, आजा राखणदार. माणच्या उघड्याबोडक्या माळावर आमच्या वाडीकडं मिरवण्यासारखं तेवढंच होतं, शंभर एकर गवत. पाऊस लागला की कुरण बंद. दसऱ्यानंतर देवीपुढं नारळ फोडायचा आणि सगळ्या गावानं एकाच दिवशी विळा लावायचा. त्याच्या आधी कुणी काडी उपटली तरी तो देवीचा चोर. आणि राखणदारानं चोर सोडला तर राखणदार पण चोर. लहानपणापासून हेच कानावर पडलेलं, त्यामुळं त्यात विचार करण्यासारखं काही असतं असं मला वाटत नव्हतं.

बापाच्या काळी दसऱ्याला गवत वाळून सोन्यासारखं व्हायचं. तुरा कधीच झडून गेलेला असायचा. अलीकडं पावसाचंच चुकायला लागलं होतं. जून-जुलै कोरडा ठणठणीत, आणि हस्त, चित्रा, स्वाती धो धो. गवत उशिरा वर यायचं आणि ऐन दसऱ्याला तुऱ्यावर असायचं, हिरवंगार. ओलं गवत गंजीत घातलं की सडतं. म्हणून पंचांनी त्या साली कुरण फोडायची तारीख पुढं ढकलली होती, दिवाळीपर्यंत.

त्या बैठकीत सोपान उभा राहिला होता. त्याचं घर गावाच्या टोकाला, कुरणाला लागून. त्याची वैजू नऊ वर्षांची, आणि तिला दम. गेली तीन वर्षं दसरा आला की पोरगी रात्रंदिवस बसून राहायची, आडवी पडली की गुदमरायची. तिची धाप सगळ्या आळीला ऐकू यायची. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोपानला सांगितलं होतं, गवताच्या तुऱ्यातलं पीठ तिच्या छातीत जातंय, तुरा यायच्या आत घराजवळचं तेवढं काढून टाका. औषध एकीकडं आणि गवत एकीकडं, असं चालायचं नाही. ते सगळं त्यानं पंचांपुढं सांगितलं. शंभर पावलांचा पट्टा मागितला. गवत मला नको म्हणाला, तुमीच न्या.

जगन्नाथ अण्णा आमचे मुख्य पंच. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं म्हणजे नाकासमोर. ते म्हणाले, "आज तुझ्या पोरीला दम हाय, उद्या कुणाची म्हस गाभण हाय. एकाला दिलं की शंभर उभं राहतील. देवीचं गवत कुणाच्या घरापरमानं कापायचं नसतं."

सोपान खाली बसला. बैठक उठली. मीही तिथं होतो, आणि मला अण्णांचं म्हणणं एकशे एक टक्के पटलं होतं.

तर, सोपानला मी दंडाला धरून देवळात नेला. वाटेत एक गोष्ट माझ्या नजरेला पडली होती. त्यानं कापलेल्या गवताचा एकही भारा बांधला नव्हता. निम्मं ओढ्याच्या पाण्यात सोडलं होतं, निम्मं सोडायचं राहिलं होतं. चोर गवत घरी नेतो, पाण्यात सोडत नाही. एवढं कळायला काही शाळा शिकावी लागत नाही. पण देवळात मी काय सांगितलं? म्हणालो, "अण्णा, ह्यानं देवीचं गवत नासवून पाण्यात सोडलं. नुसती चोरी न्हाय, वैर हाय ह्येच्या मनात."

अण्णांनी सोपानच्या हाताकडं बघितलं. सुजून टम्म झाला होता. "हात कुणी मोडला?"

"मीच. विळा टाकंना."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले, पण तोंड दुसरीकडं करून. मग त्यांनी निवाडा दिला. आमच्याकडं देवीच्या चोराची एकच रीत. त्यानं जेवढं गवत कापलं तेवढं त्याच्याच दारात टाकायचं आणि तीन दिवस तसंच ठेवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं. राखणदारानं तिथं बसायचं, काडी हलू द्यायची नाही. दंड नाही, वाळीत टाकणं नाही, फक्त दारात गवत. माझ्या आज्यानं एकाच्या दारात टाकलं होतं, तो माणूस गाव सोडून गेला म्हणतात.

सोपान पहिल्यांदा घाबरलेला मी तेव्हा बघितला. मार खाताना तो घाबरला नव्हता. "अण्णा, गाढवावर बसवा. तोंड काळं करा. पर गवत दारात टाकू नगा. पोरगी हाय आत."

"रीत हाय ती सोपाना. तुझ्यासाठी नवी काढलेली न्हाय."

एक जण म्हणाला, "आता अब्रूची आठवण झाली व्हय?" बाकीचे हसले. मी पण हसलो.

भारे मीच वाहिले. सोळा भारे. जे पाण्यात भिजलं होतं तेही काठीनं ओढून काढलं, देवीचं गवत म्हणून. सोपानचं घर म्हणजे दगडाच्या भिंती, वर पत्रा, एकच दार आणि त्याच्या शेजारी शिलाई मशीनची खिडकी. उंबऱ्याला लावून मी गंज रचली, छातीएवढी. टाकताना पिवळा भपका उठत होता. सोपानची बायको निर्मला आतून आली आणि त्या गवतावर आडवी झाली.

"भावजी, तुमच्या पाया पडते. परड्यात टाका, रस्त्यावर टाका, आमी तिथं जाऊन उभं राहतो तीन दिस. हितं नगा."

"उठा वहिनी."

"ती मरंल."

"कोण मरत न्हाय गवतानं. माझा जलम गेला गवतात."

ती उठेना. मी तिला दंडाला धरून बाजूला केलं. बाजूला केलं म्हणतो, पण ती जोत्याच्या दगडावर पडली आणि तिचं कोपर फुटलं. दहा-बारा माणसं बघत होती. निर्मला आत गेली, दार लावून घेतलं आणि फटीत चिंध्या कोंबल्या. सोपानच्या खिडकीतनं कापडाचे तुकडे कोंबलेले दिसत होते, लाल, निळे, परकराचे.

सोपानचा हात बांधायला शेजारच्या वाडीतला हाडवैद्य येणार होता, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. मी गंजीपाशी घोंगडं टाकून बसलो, दांडका मांडीवर. आतून वैजूची धाप ऐकू येत होती. सुरुवातीला शिट्टीसारखी बारीक. मला राग आला, खरं सांगतो. वाटलं मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम करतीय.

तीन वाजल्यापासून उकडायला लागलं. पान हलत नव्हतं. चित्रा नक्षत्राचं ऊन तसंही अंगावर येतं, पण त्या दिवशी घाम पुसला की परत. चारच्या सुमाराला उत्तरेकडनं ढग आले, काळेनिळे, खाली टेकलेले. मग वारा सुटला.

असा वारा मी परत कधी बघितला नाही. सगळं कुरण एकदम आडवं झालं आणि त्याच्यावरनं पिवळा धूर उठला. पेटल्यासारखं वाटलं, म्हणून मी उभा राहिलो. तो धूर गावावर आला. माझ्यापुढची गंज फुटली, गवत दारावर आपटायला लागलं, चिंध्या उडाल्या, खिडकीतले तुकडे आत पडले. शेजारच्याचा पत्रा निघून रस्त्यात आला आणि एका कुत्र्याचं कंबरडं मोडून पुढं गेला. मग टपोरे थेंब, गारा, आणि गार वाऱ्याचा लोट वरनं खाली आल्यासारखा.

दार धाडकन उघडलं. निर्मला दोन्ही हातांनी गवत लोटायला लागली. मी दांडका आडवा धरला. "वहिनी, काडी हलवायची न्हाय."

मी हे म्हणालो. घरात काय चाललं होतं ते मला ऐकू येत होतं, तरी म्हणालो.

तिनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. दांडका सुटला. ती परत गवत लोटायला लागली, आणि तिच्या मागं मला दाराच्या आत वैजू दिसली. जमिनीवर बसलेली, दोन्ही हात टेकलेले. आता शिट्टी नव्हती. आवाजच नव्हता. छाती वर ओढली जात होती, गळ्याखाली खड्डा पडत होता, आणि आत काही जात नव्हतं. ओठ जांभळे पडलेले. सोपान डाव्या हातानं तिच्या तोंडाला पंप लावत होता. उजवा हात पोटाशी लोंबत होता.

"पंप चार बार वढला," तो म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही. "काय उपेग न्हाय. गाडी काढली पायजे." मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

गाडी त्याची दारातच होती, मोटरसायकल. पण अंगठा हलत नसलेल्या माणसानं मूठ कशी पिळायची? तालुका अकरा किलोमीटर. जीप अण्णांची होती, ती बाजाराला गेलेली. गावात गाडी चालवणारे दुसरे होते, पण त्या वादळात कुणाच्या दारात जाऊन कुणाला उठवणार?

मी म्हणालो, "चावी दे."

सोपाननं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी सांगत बसत नाही. त्यानं चावी माझ्या हातात दिली नाही, जमिनीवर टाकली. मी उचलली.

निर्मला मागं बसली, मध्ये वैजू, आईच्या पदरानं माझ्या पाठीला बांधलेली. गारा तोंडावर फुटत होत्या. रस्त्यावर बाभळी आडव्या. एका ठिकाणी गाडी घसरली आणि आम्ही तिघंही चिखलात गेलो. माझा गुडघा सोलून निघाला. निर्मलानं पोरीला धरून ठेवली होती, ती ओरडत होती, "वैजे, वढ, वढ, आत वढ." पाठीला पोरीची छाती लागलेली मला कळत होती. ती हलायची, थांबायची. थांबली की मी गाडी आणखी पळवायचो. शेवटच्या दोन मैलांत मलाच श्वास पुरेना. कुणीतरी छातीवर गुडघा ठेवून बसलंय असं वाटायला लागलं. बावीस वर्षं गवतात काढली, कधी शिंक आली नव्हती.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चार गावांतली माणसं आली होती, सगळी धापा टाकत. एक दांडगा पैलवान गडी भिंतीला डोकं लावून रडत होता. डॉक्टरीणबाईंनी वैजूला उचलून आत नेली, सुई दिली, तोंडावर वाफेचा मुखवटा लावला. मलाही एका बाकावर बसवून तसाच मुखवटा दिला.

तासाभरानं बाई बाहेर आल्या. "पोरगी वाचली. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर नसती." मग निर्मलाला म्हणाल्या, "मी तुम्हाला गवत काढायला सांगितलं होतं ना? वादळ आलं की तुऱ्यातले कण वर जातात, ओलीनं फुटतात आणि वाऱ्याबरोबर खाली येतात. एरवी नाकातच अडकतात. फुटून बारीक झाले की सरळ छातीत उतरतात. ही सगळी माणसं त्यानंच आलीत. पण या पोरीएवढं कुणाचंच झालेलं नाही. तुमच्या घरापासून गवत किती लांब आहे?"

"दारात हाय," निर्मला म्हणाली.

"दारात? दारात कुणी आणून टाकलं?"

निर्मलानं फुटलेल्या कोपराला पदर लावला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी मुखवटा काढला आणि म्हणालो, "मी टाकलं."

बाई पुढं आल्या. मुखवटा परत माझ्या तोंडावर लावला आणि आत गेल्या.

तिथं बसून मला सकाळचं सगळं आठवत होतं. पहिल्या दांडक्याला तो बसला होता. दुसऱ्याला त्यानं हात वर केला नव्हता. मनगटावर घालायची काय गरज होती? विळा तर पायानंही उडवता आला असता. आसपास बघणारं कुणी नव्हतं, माघारी फिरलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. मी घातला, कारण मला मारायला आवडलं होतं. वर्षाचे अकरा महिने मला गावात कुणी विचारत नाही, हातात दांडका असला की विचारतात. देवीचं नाव मी नंतर लावलं.

दिवे लागायच्या वेळी सोपान अण्णांच्या जीपनं आला. हात गळ्यात बांधलेला. तो माझ्यापुढनं आत गेला, मध्ये भिंत असावी तसा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घरचा विळा घेतला आणि कुरणात शिरलो, सोपानच्या घराच्या बाजूनं. तोंडाला टॉवेल बांधला. कापत सुटलो. कापलेलं रात्रीच्या पुराच्या पाण्यात सोडत होतो. अर्धा पट्टा झाला असेल, तेवढ्यात कुणीतरी बघितलं. तासाभरात पन्नास माणसं जमली. पुढं अण्णा.

"हैबत्या, तुला काय खूळ लागलं का?"

"राहिलेला पट्टा काढतोय अण्णा. शंभर पावलं पुरी करतो. मग काय करायचं ते करा."

"राखणदारानंच देवीवर विळा चालवला तर गावानं बघायचं कुणाकडं?"

मी कापत राहिलो. मग सुरुवात झाली. पाठीत, मांड्यांवर, डोक्यावर. माझाच दांडका कुणीतरी आणला होता. विळा हातातनं सुटला तेव्हा मी हातांनी उपटायला लागलो. त्याचा लोकांना जास्त राग आला. मला कळत होतं का आला ते. माझ्या तोंडातनं रक्त यायला लागलं तेव्हा अण्णा म्हणाले, "थांबा."

गर्दीतनं सोपान पुढं आला होता. रात्रीच्या जागरणानं डोळे लाल, उजवा हात फळीला बांधलेला.

अण्णांनी दांडका त्याच्या डाव्या हातात दिला. "सोपाना, ह्यानं तुझा हात मोडला. तू घाल आता. तुझ्या दारातलं गवत आमी आजच उचलतो, तुझं-आमचं मिटलं."

सोपाननं दांडका तोलून बघितला. मी गुडघ्यावर होतो. त्यानं डाव्या हातानं घातला, तोंडावर. डावा हात असून सगळ्यांत जोराचा तोच बसला. माझे पुढचे दोन दात गेले, जबडा आजही पूर्ण उघडत नाही. मी आडवा पडलो. तो मला मारतच राहील असं मला वाटलं, आणि त्यानं मारावं असंही वाटलं.

त्यानं दांडका अण्णांच्या पायापाशी टाकला. म्हणाला, "ह्ये माझ्या हाताचं झालं. आता माझ्या पोरीचं बोला."

सोपान खाली बसला आणि डाव्या हातानं गवत उपटायला लागला. डाव्या हाताला जोर नव्हता, चार काड्या निघायच्या. मागनं निर्मला आली, विळा घेऊन; पोरीला डॉक्टरीणबाईंवर सोपवून ती पहाटेच सोपानबरोबर गावात आली होती. ती त्याच्या शेजारी बसली. मी सरपटत गेलो आणि पलीकडच्या बाजूनं धरलं. अण्णा बराच वेळ उभे होते. बाईच्या अंगावर हात टाकायला कुणी पुढं आलं नाही. दुपारी शंभर पावलं मोकळी झाली तेव्हा बघायला कुणीच उरलं नव्हतं.

माझी राखणदारी गेली. सोपानच्या बोटांत कात्री परत बसली नाही. मशीन त्यानं विकलं, निर्मला अंगणवाडीत लागली. वैजू मोठी झाली, तिचं लग्न झालं, दम अजून आहे पण सांभाळून आहे. दसऱ्याला ती माहेरी येत नसे, गेली काही वर्षं येते.

कारण दर साली तुरा फुटायच्या आत मी तो पट्टा काढतो. पंचांनी परवानगी दिली नाही आणि अडवलंही नाही. मी सकाळी जातो, तोंडाला टॉवेल बांधतो, दुपारपर्यंत शंभर पावलं उतरवतो. सोपान दारात उभा राहून बघत असतो, मी आलो तेव्हापासून शेवटची काडी पडेपर्यंत. काम झालं की तो आत जातो आणि दार लावून घेतो. पंधरा वर्षांत एकदाही त्यानं मला पाणी विचारलेलं नाही, आणि मीही कधी मागितलेलं नाही.